फिल्म गावात परत येते का?

स्वयंसेवी संस्थांच्या फिल्मांचं संकलन हे माझं पोटापाण्याचं काम. हल्ली बहुतेक फिल्मांत ड्रोनची दृश्यं असतात, खाली इंग्रजी सबटायटल. देणगीदारांच्या बैठकीत फिल्म चालते आणि हार्ड डिस्कमध्ये जाऊन पडते. जिनं कॅमेऱ्यासमोर आपल्या आटलेल्या विहिरीची कर्मकहाणी सांगितली, त्या बाईला ती दिसतच नाही. याचा मला संताप येतो. असे उपक्रम चित्रीकरणात क्वचितच फसतात. फसतात ते दाखवण्यात.

कॅनडातल्या न्यूफाउंडलंडजवळचं फोगो बेट बघा. १९६७ साली तिथली मासेमारी मोडकळीला आली होती आणि लोकांना दुसरीकडे हलवण्याचा सरकारी विचार चालू होता. नॅशनल फिल्म बोर्डाचे दिग्दर्शक कॉलिन लो यांनी एकच मोठा माहितीपट करण्याऐवजी सत्तावीसेक छोट्या फिल्म केल्या. जो बोलला त्याला आधी दाखवायची, त्याची संमती मिळाली तरच बाहेर न्यायची. बेटावरच्या वस्त्या धर्मपंथांनी विभागलेल्या. पडद्यावर पलीकडच्या वस्तीतला कोळी आपल्यासारखंच गाऱ्हाणं मांडताना दिसला, तेव्हा अंतर कमी झालं. सरकारातल्या मंत्र्यांनीही त्या पाहिल्या आणि उत्तर दिलं तेही कॅमेऱ्यासमोर; ते बेटावर दाखवलं गेलं. लोकांनी बेट सोडलं नाही. सहकारी संस्था काढून त्यांनी मोठ्या बोटी बांधल्या. सगळं श्रेय फिल्मांचं नव्हे, संघटनेची खटपट आधीपासून होतीच. पण तिला एकमेकांचं म्हणणं ऐकवणारा पडदा मिळाला.

आपल्याकडे बंगळुरूत २००६ साली रिकिन गांधींनी सुरू केलेल्या डिजिटल ग्रीन या उपक्रमातही आपल्यासारख्यांना पडद्यावर पाहण्याचा हाच परिणाम दिसला. शेतकऱ्यांना शेतकऱ्यांचेच व्हिडिओ दाखवायचे आणि गावातल्याच कोणीतरी मध्ये थांबवून चर्चा घडवायची. प्रेक्षक आधी विचारत: हा कोण, कुठल्या गावचा? चित्र थोडं हललं तरी त्यांचं काही अडत नसे. गोव्यातून चालणाऱ्या व्हिडिओ व्हॉलंटियर्स या संस्थेचे वार्ताहर तर अडचण चित्रित करून अधिकाऱ्यांकडे पाठपुरावा करतात, आणि ती सुटली की दुसरा व्हिडिओ करतात.

म्हणून नवा प्रस्ताव आला की मी खर्चाचा तक्ता आधी बघतो. कॅमेरा, ड्रोन, संगीत यांचे आकडे असतातच. प्रोजेक्टर, भाड्याची गाडी, गावोगाव फिरून फिल्म दाखवणाऱ्या माणसाचं मानधन यांचा रकाना नसेल, तर तो घालायला लावतो. एकूण पैशांतला निदान तिसरा हिस्सा तिथे हवाच, मग ड्रोन गाळावा लागला तरी चालेल.