हप्ता पूर्ण महिन्याचा, काम अर्ध्या दिवसाचं



बारावीचा निकाल लागला की आपल्यापैकी बहुतेकांना एक प्रश्न हमखास विचारला जातो. "सर, मुलगी सायन्सची आहे. डॉक्टरकीला नंबर लागेल असं वाटत नाही. फार्मसीला घालू का?" आपलं उत्तरही ठरलेलं असतं. "घाला की! माणसं आजारी पडायची थांबतात का? मेडिकल दुकान कधी बंद पडलंय का?" हे उत्तर मीही कितीतरी वर्षं दिलं. आज त्या उत्तराबद्दलच बोलायचं आहे.

गेल्या महिन्यात खडकी बाजारात माझी एक माजी विद्यार्थिनी भेटली. बी.फार्म झालेली, हुशार, कामाला चोख. एका औषध दुकानात नोकरीला होती, सोळा हजार पगार होता. मालकांनी एक दिवस सांगितलं, "धंदा कमी झालाय, उद्यापासून फक्त संध्याकाळी पाच ते नऊ ये." पगार आठ हजार झाला. बँकेचा हप्ता मात्र सात हजारांच्या वर, तो तेवढाच राहिला. "सर, हप्ता गेला की महिन्याला हजार रुपयेसुद्धा हातात उरत नाहीत," ती म्हणाली. तिचे वडील ॲम्युनिशन फॅक्टरीतून निवृत्त झालेत. त्यांना हे काही केल्या कळेना. त्यांच्या पिढीला 'ओव्हरटाईम' माहीत होता. माणसाला कामावर ठेवून त्याचेच तास कापायचे, हा हिशोब त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

पण खरी गोष्ट तिनं निघताना सांगितली. तास अर्धे झाले, तरी तिचं फार्मासिस्टचं नोंदणी प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर दिवसभर लागलेलंच राहणार होतं. सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत औषधं दुसरंच कुणीतरी देणार, आणि कागदोपत्री ती तिनं दिलेली असणार.

कायदा काय सांगतो?

पालकहो, हा मुद्दा फक्त तिच्या पगाराचा नाही, आपल्या घरातल्या औषधांचाही आहे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधल्या नियम ६५ प्रमाणे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं असतं. फार्मसी कायदा, १९४८ चं कलम ४२ हेच बजावतं. २०१२ च्या सुमारास महेश झगडे अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त असताना राज्यात या नियमाची कडक तपासणी झाली होती. दुकानदारांनी तेव्हा केलेला विरोध अनेकांना आठवत असेल.

आता साधा हिशोब करू. दुकान सकाळी नऊ ते रात्री दहा उघडं असतं, म्हणजे तेरा तास. या तेराही तासांत फार्मासिस्ट हवा. एक माणूस रोज तेरा तास काम करू शकत नाही, म्हणजे प्रत्येक दुकानाला किमान दोघं हवेत. कायदा मनापासून पाळला तर फार्मासिस्टचे तास वाढायला पाहिजेत. ते कमी होतात, याचा अर्थ दुकानाला फार्मासिस्टचं प्रमाणपत्र हवंय आणि प्रत्यक्ष फार्मासिस्ट मात्र नकोय. 'सर्टिफिकेट भाड्यानं देणं' हा शब्दप्रयोग आपल्याकडे किती सहज रुळलाय बघा! हप्त्याच्या ओझ्याखालची मुलं या भाड्याला सगळ्यांत लवकर बळी पडतात. उद्या चुकीचं औषध दिलं गेलं तर नोंदणी त्यांची जाणार, आणि त्रास रुग्णाला होणार.

तास का कमी होतायत?

दुकानदाराची बाजूही सांगायला हवी, नाहीतर आपण अन्याय करू. किंमत नियंत्रणाखालच्या औषधांवर औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ प्रमाणे किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला आहे. त्यातून भाडं, वीज, पगार काढायचे. बीपी-शुगरच्या महिन्याच्या गोळ्या हा छोट्या दुकानाचा खात्रीचा धंदा. तोच आता सवलत देणाऱ्या साखळी दुकानांकडे आणि मोबाईलवरच्या ॲपकडे चाललाय. ऑनलाइन औषधविक्रीविरुद्ध २८ सप्टेंबर २०१८ ला देशभरच्या औषध विक्रेत्यांनी बंद पाळला होता, तो याच भीतीनं. आपणही पंधरा-वीस टक्के सवलत दिसली की ॲपवरूनच मागवतो ना?

दुसरं कारण आपल्या शिक्षण क्षेत्रातलंच आहे. फार्मसीची कॉलेजं फार झाली म्हणून भारतीय फार्मसी परिषदेनं २०२०-२१ पासून पाच वर्षं नव्या कॉलेजांना मनाई केली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती मनाई रद्द ठरवली. संस्था काढणं हा मूलभूत हक्क आहे आणि तो परिषदेच्या नुसत्या ठरावानं रोखता येत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. कायद्याच्या दृष्टीनं ते बरोबरच. पण त्यानंतर नव्या कॉलेजांची रांग लागली. पदवीधर वाढले आणि दुकानं माणसं कमी करू लागली. मग पगार ठरवताना मुलांच्या हातात काय उरणार?

हे फक्त आपल्याकडेच चाललंय असंही नाही. अमेरिकेत २००० च्या सुमारास फार्मसीची ऐंशीच्या आसपास कॉलेजं होती, वीस वर्षांत ती १४० च्या पुढे गेली. तिथला विद्यार्थी सरासरी दीड लाख डॉलरहून जास्त कर्ज घेऊन बाहेर पडतो. दरम्यान मोठ्या साखळी दुकानांनी शाखा बंद केल्या आणि फार्मासिस्टचे आठवड्याचे तास कापले. 'राईट एड' ही जुनी साखळी तर २०२५ मध्ये पूर्ण बंद झाली. म्हणजे 'इथे नाही जमलं तर तिकडे जाईल' हा दिलासाही आता पहिल्यासारखा पक्का राहिलेला नाही.

वर्गात करता येईल असं एक गणित

गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर घ्यावं. आठवीला चक्रवाढ व्याज आहे, नववी-दहावीला 'अर्थनियोजन' हे प्रकरण आहे. पण खऱ्या कर्जाचं गणित आपण किती वेळा सोडवून घेतो?

समजा, बी.फार्मसाठी दरवर्षी १ लाख असं चार वर्षांत ४ लाख कर्ज घेतलं. व्याज १० टक्के. अभ्यासक्रम आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नाही. पालकांना वाटतं, हा काळ मोफत आहे. तसं नाही, सरळव्याज चालूच असतं.

पहिल्या लाखावर पाच वर्षांचं व्याज ५० हजार, दुसऱ्यावर ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. एकूण १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशीच कर्ज ५ लाख ४० हजार झालेलं असतं.

आता परतफेड:
- दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ७,१४० रुपये. एकूण भरणा साधारण ८ लाख ५६ हजार.
- पंधरा वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे ५,८०० रुपये. एकूण भरणा साधारण १० लाख ४४ हजार.
- शिकत असतानाच व्याज भरत गेलात (पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, चौथ्या वर्षी ३,३३३ रुपये), तर नंतरचा दहा वर्षांचा हप्ता सुमारे ५,२९० रुपयांवर येतो. एकूण भरणा, आधीचं व्याज धरून, साधारण ७ लाख ७४ हजार.

मुलांना हे फळ्यावर करायला द्या. उत्तर आलं की वर्ग गप्प होतो, माझ्या वर्गात झाला होता. मग एकच प्रश्न विचारा: पगार अर्धा झाला तर यातलं काय अर्धं होतं? काहीच नाही.

मग करायचं काय?

फार्मसीला मुलं घालूच नका, असं मला अजिबात म्हणायचं नाही. आपल्या खडकीपासून जवळच, पिंपरीत, १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनू लागलं. पुण्याच्या या पट्ट्याला औषधाचं काम नवीन नाही. कारखाने, गुणवत्ता तपासणी, रुग्णालयं, सरकारी औषध निर्माण अधिकारी, असे बरेच रस्ते या शिक्षणातून निघतात. फक्त 'नोकरी पक्की' हे वाक्य आपण बोलायचं बंद करू या.

पालकांनी प्रवेश घेताना कॉलेजला विचारावं: मागच्या तुकडीतली किती मुलं आज पूर्णवेळ कामावर आहेत? कुठे? पगार किती? उत्तर टाळलं तर तेच उत्तर समजा. कर्जाआधी सवलती तपासा. २०२४-२५ पासून राज्यात ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून असायला हवा. घरचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर केंद्राच्या योजनेत सवलतीच्या काळातलं व्याज सरकार भरतं, संस्था मात्र त्यांच्या मान्यतेच्या अटीत बसायला हवी. हे सगळं प्रवेशाआधी विचारायचं, नंतर विचारून उपयोग नाही.

ज्यांचे तास आत्ताच कमी झालेत, त्यांनी हप्ता चुकायच्या आधी बँकेत जावं. मुदत वाढवून हप्ता कमी करता येतो का, हे लेखी अर्ज देऊन विचारावं. एकूण रक्कम वाढते, पण खातं वाचतं. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं अनुत्पादक ठरतं, आणि आई-वडील सहकर्जदार असल्यामुळे सिबिल त्यांचंही बिघडतं. मुलं लाजेपोटी घरी सांगत नाहीत. पालकहो, तुम्हीच विचारा.

कामगार कायद्याचंही मुलांना सांगा. मालकानंच पूर्ण दिवसाचं काम दिलं नाही तर रोजावरच्या कामगाराला त्या दिवसाचं पूर्ण किमान वेतन मिळावं, हे तत्त्व किमान वेतन कायदा, १९४८ च्या कलम १५ मध्ये होतं, वेतन संहिता, २०१९ मध्येही ते आहे. पण 'पार्टटाईम'च्या कागदावर सही करून दिली की हा मुद्दा कमजोर पडतो. म्हणून वाचल्याशिवाय सही नको. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा वीस किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणी पूर्णपणे लागू होतो. गल्लीतल्या मेडिकलमध्ये तीन-चारच माणसं असतात. तिथली मुलं नेमकी या कुंपणाबाहेर राहतात. शासनानं निदान फार्मासिस्टच्या बाबतीत ही फट बुजवावी, असं मला वाटतं.

आणि ग्राहक म्हणून आपण? चिठ्ठी देताना एवढंच विचारायचं, "फार्मासिस्ट कोण आहेत?" भांडायचं नाही, फक्त विचारायचं. दहा गिऱ्हाइकांनी रोज विचारलं तर भिंतीवरच्या प्रमाणपत्रामागे माणूस उभा करावा लागेल.

त्या विद्यार्थिनीनं शेवटी प्रमाणपत्राची फ्रेम भिंतीवरून काढून घरी आणली आणि नोकरी सोडली. दुसरं काम अजून मिळालेलं नाही. वडिलांनी पेन्शनमधून या महिन्याचा हप्ता भरला. मला फोनवर म्हणाले, "सर, पोरीनं बरोबर केलं ना?" मी म्हटलं, "हो, बरोबर केलं." पण तिला फार्मसीला घाला असं त्यांना मीच सांगितलं होतं, ते या फोनवर त्यांनी काढलं नाही.

येत्या निकालाच्या दिवशी कुणी विचारलं, "सर, फार्मसीला घालू का?" तर मी आधी कागद-पेन मागणार आहे. तुम्हीही मागा.