सर्व्हर डाउन, पण खोळंबा कुणाचा?

'सर्व्हर डाउन आहे, उद्या या.' सरकारी कचेरीतल्या 'साहेब नाहीत'ची जागा आता या वाक्याने घेतली आहे. साहेब कुठे गेले, कधी येणार, हे विचारता तरी येत होते. सर्व्हरला जाब विचारायचा कुणी?

लाडकी बहीण योजनेचेच पाहा. जून २०२४ मध्ये ती जाहीर झाली, महिना १५०० रुपये. १८ सप्टेंबर २०२५ ला शासनाने ई-केवायसी सक्तीची केली, मुदत दोन महिन्यांची. लाभार्थी दोन कोटींहून अधिक. म्हणजे रोज सव्वातीन लाखांवर बायका. कामाचे आठ तास धरले तर सेकंदाला अकरा-बारा, आणि प्रत्येकीचे दोन ओटीपी. पान अडकले की जी ती पुन्हा बटण दाबते, त्याने भार आणखी वाढतो. शिवाय ओटीपी येतो आधारच्या यंत्रणेकडून. साखळीतली एक कडी मंदावली की सगळेच थांबते.

हे आधी कळत नव्हते का? आमच्या ओझरला विघ्नहराच्या देवळात चतुर्थीला गर्दी होते. ती पंचांगात आधीच छापलेली असते, म्हणून रांगेची व्यवस्था आदल्या दिवशी होते. इथे तर मुदत खुद्द शासनाने ठरवलेली, लाभार्थींची यादी शासनाकडेच. ही गर्दी अचानक आलेली नव्हती. शेवटी मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवावी लागली. पण दरम्यान बाईची बुडालेली रोजंदारी आणि एसटीचे भाडे कुठल्याच हिशोबात धरले जात नाही.

मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा ओटीपी. बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधारही मागितला गेला. विधवा, परित्यक्ता, माहेरही तुटलेल्या बाया तिथेच अडल्या. ही तांत्रिक अडचण नव्हे. प्रत्येक बाईमागे एक पुरुष असतोच, हे गृहीत धरून कुणीतरी तो रकाना तयार केला. नंतर मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे देण्याची सोय झाली. पण नवऱ्याने नुसतेच टाकलेल्या बाईने कुठला कागद आणायचा? परित्यक्तांच्या चळवळीने स्वतंत्र रेशनकार्डासाठी झगडा केला, तो हाच प्रश्न होता. कागद गेला, पडदा आला, रकाना तोच राहिला.

आणि सर्व्हर पडतो तेव्हा भार उचलते कोण? अंगणवाडी सेविका. २०२१ साली राज्यभरच्या सेविकांनी निकामी होत चाललेले सरकारी मोबाइल परत केले होते. त्यांच्या त्या आंदोलनाला 'यंत्रणेची देखभाल' असे कुणी म्हटले नाही. खरे तर तेच देखभालीचे काम होते. यंत्र कुठे मोडते, हे त्यांनीच शासनाला दाखवून दिले.

म्हणून संघटनांनी आता या प्रश्नालाही हात घालावा असे मला वाटते. जिल्हावार तारखा ठरवून भार वाटून द्या. अर्धा भरलेला अर्ज जपून ठेवा. सर्व्हर बंद राहील तितके दिवस मुदत आपोआप वाढवा. केंद्रावर जाऊन परतलेल्या बाईला तारखेची पावती द्या. एकट्या बाईचा स्वतःचा आधार पुरेसा माना. आणि संकेतस्थळ सुरू करण्यापूर्वी एक दिवस सेविकांच्या हाती, त्यांच्याच मोबाइलवर, गावातल्या रेंजमध्ये ते चालवून पाहा.

रेशनच्या दुकानाबाहेर मालाचा फलक लावायला आपण भाग पाडले होते. सर्व्हर किती तास बंद होता, याचाही फलक आता मागू या.