बावखलं बुजवून वाढलेलं शहर

वसईचा इतिहास बहुतेकांच्या लेखी 1739 मध्ये, चिमाजी अप्पांच्या विजयापाशी संपतो. आजची वसई मात्र रेल्वेने घडवली. 1867 साली विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत लोकल सुरू झाली. इथल्या वाड्यांतली केळी, फुलं आणि भाजी मुंबईच्या बाजारात जाऊ लागली. पुढे त्याच रुळांवरून मुंबईत घर न परवडणारी माणसं इकडे आली.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस शेतजमिनी बांधकामासाठी खुल्या होऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या हरित वसई संरक्षण समितीने आवाज उठवला. चिंता मुख्यतः पाण्याची होती, आणि ती रास्त होती. वाड्यांमधली बावखलं, म्हणजे छोटी तळी, पावसाचं पाणी साठवत, ते जमिनीत मुरवत. त्यामुळे समुद्र हाकेवर असूनही विहिरी गोड राहत. बावखल बुजवलं की इमारतीला जागा मिळते, पण पावसाच्या पाण्याची जागा जाते.

2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 12 लाखांवर पोचली. आता पिण्याचं पाणी दूरच्या सूर्या धरणातून येतं, आणि पावसाळ्यात नालासोपाऱ्याचे रस्ते तुंबतात.

या अंकातले लेख ही वाढ तपासतात. नव्याने आलेल्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांनाही छप्पर हवंच. आमचं मागणं एवढंच: उरलेलं प्रत्येक बावखल विकास आराखड्यात जलसाठा म्हणून नोंदवा आणि त्यावर भराव टाकणाऱ्याला परवानगी नाकारा.