कुत्रे घराचे, काम आईचे

परवा शिकवणीला येणारी एक मुलगी चांगली अर्धा तास उशिरा आली. कारण विचारले तेव्हा म्हणाली, "सर, आई आधी मोतीचं शिजवत होती, मग आमचा स्वयंपाक मागं पडला." बाकीची मुले हसली. मला हसू आले नाही. या विषयातली सारी मेख त्या एका वाक्यात होती, आणि ती आमच्या स्वतःच्या घरातही बरीच वर्षे सलत होती.

निसर्गाला जपून जनावर पाळावे, हा विचार आता आपल्या इंदुरातही चांगला रुजला आहे. का रुजू नये? 2017 पासून स्वच्छतेच्या सर्वेक्षणात वर्षानुवर्षे पहिले येणारे हे शहर. सहा प्रकारचा कचरा सहा ठिकाणी ठेवण्याची सवय आपल्याला लागली आहे. गाडीचे गाणे ऐकू आले की बायका हातातले पीठ न धुता दारात येतात. (आमचा कुत्रा त्या गाण्याला रोज सूर लावतो. तो सूर गाण्याला सोडून असतो, पण नेम चुकत नाही.) तेव्हा जनावरामागे होणारा पसाराही कमी असावा, हे ओघानेच आले.

तो पसारा लहान नाही. अमेरिकेतील ग्रेगरी ओकिन या प्राध्यापकांनी 2017 साली हिशेब मांडला. त्या देशात प्राणिजन्य अन्नापायी जमीन, पाणी आणि इंधनावर जो भार पडतो, त्यातला 25 ते 30 टक्के कुत्र्या-मांजरांच्या खाण्याचा, असे त्यांना आढळले. आपल्याकडे तो आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. परंतु तयार खाऊच्या चकचकीत, अनेक थरांच्या पिशव्या आपल्याही सुक्या कचऱ्यात दिसू लागल्या आहेत, आणि त्या पुन्हा वापरात आणणे फार जिकिरीचे असते. बर्फातल्या मुलुखातले केसाळ हस्की कुत्रे माळव्याच्या उन्हाळ्यात आणून त्याच्यासाठी दिवसभर वातानुकूलन चालू ठेवणारेही महाभाग आहेत. त्यांच्याविषयी काय बोलावे!

यावरचा उपदेश सर्वांना पाठ आहे. देशी पिल्लू पाळा, घरचे अन्न द्या, पिशव्या टाळा, जुन्या चादरीचे अंथरूण करा. उपदेश खरा आहे, पण तो करणाऱ्याने एकदा स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. पिशवी फोडून वाडग्यात ओतायला अर्धे मिनिट लागते. भात शिजवणे, अंडे उकडणे, भाजी कांदा-लसणाशिवाय वेगळी काढणे, मग ते निववणे, याला घटकाभर जातो. नुसत्या दूध-पोळीवर कुत्र्याचे नीट पोषण होत नाही, म्हणजे तीही पळवाट नाही. निसर्गाचा वाचलेला भार कुठे तरी जातोच. तो घरातल्या आईच्या हातावर जातो.

माझे वडील होळकर दरबाराच्या अखेरच्या वर्षांत तेथे साथीला बसत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. ते सांगत की त्या काळी वाड्यात चौकातले कुत्रे कुणा एकाचे नसे. पहिली पोळी एकीच्या घरची, ताक दुसरीचे, आणि वीण झाली तर पोत्याचा आडोसा तिसरी करी. ते दिवस फार सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. पिसाळलेल्या कुत्र्याच्या भीतीने पोरांना कोंडून ठेवीत, आणि लस टोचणे वगैरे कुणाच्या गावी नसे. पण बायकांनी ते काम वाटून घेतले होते, हे खरे.

होळकरांचे कुलदैवत खंडोबा, आणि खंडोबाबरोबर कुत्रा आलाच. रायगडावरचे वाघ्याचे स्मारक 1936 साली झाले, त्याला तुकोजीराव होळकरांची देणगी होती. ती कथा इतिहासाला धरून आहे की नाही यावर 2025 सालीही वाद झाला. तो अभ्यासकांनी मिटवावा. मला एवढेच वाटते, की इमानाचे स्मारक पुरुषांनी बांधले, आणि रोज त्या जनावरापुढे अन्न ठेवणाऱ्या बाईचे नाव कुठल्याच दगडावर नाही.

आमच्याकडे हा प्रश्न मुलगी झाली तेव्हा उभा राहिला. घरात दोन वर्षांची देशी कुत्री होती. ती मीच हौसेने आणली होती, आणि आणल्यावर माझी हौस संपली होती. बाळंतपणानंतर पत्नीला झोप मिळेना. त्यात नातलगांचा धोशा सुरू झाला, की कुत्री कुठे तरी सोडून या. मीही मनातून तयार झालो होतो, हे आज कबूल करतो. त्या दुपारी समोरच्या काकू आल्या. त्या पत्नीला म्हणाल्या, "अगं, सोडून कुठं देतेस? सकाळचं फिरवणं माझ्या नातवावर टाक. तिचं जेवण आठवडाभर आम्ही तिघी पाळीपाळीनं करतो. आणि रात्रीचं तुझ्या नवऱ्यावर. त्याचा रियाज कुठं पळून जात नाही."

अशी ती मंडळी जमली. सगळ्या आया, आणि प्रत्येकीला काही तरी ठाऊक. कुत्र्यासाठीच्या कित्येक गोचीड-औषधांत परमेथ्रिन असते, ते मांजराच्या जिवावर बेतते, हे एकीला आपले मांजर आजारी पडले तेव्हा कळले होते. ती ते प्रत्येक नव्या घरी जाऊन सांगते. दुसरीने गर्भार सुनेला मांजर टाकू दिले नाही. डॉक्टरांना विचारून फक्त मांजराची घाण काढण्याचे काम मुलाकडे दिले. ती घाण काढायला विकतच्या मातीऐवजी वर्तमानपत्राचे तुकडे पसरतात. या पानाचीही शेवटी तीच गत होत असणार, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मादी पिल्लांची शस्त्रक्रिया आणि दर वर्षीची रेबीजची लस, याची वही काकूंकडे असते. इंग्लंडच्या नद्यांच्या पाण्यात पाळीव जनावरांच्या पिसवांवर वापरतात ती औषधे सापडली, असे 2020 साली प्रसिद्ध झाले. ते एका मुलाने वाचून दाखवल्यापासून औषध लावल्यावर लगेच आंघोळ घालायची नाही, असाही नियम झाला आहे.

या आयांचे कौतुक करून मोकळे होणे मला पटत नाही. त्या एकमेकींना सांभाळतात ते थोर खरेच, पण त्यांना तसे सांभाळावे लागते याचे कारण आम्ही पुरुष. वाढदिवसाला पिल्लू बाप आणतो, नाव मुले ठेवतात, आणि उलटी पुसायला आई. ज्या घरात बाप रोजचे एक काम अंगावर घेणार नाही, त्या घराने पिल्लू आणू नये, मग ते देशी असो की विलायती, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझ्या वाट्याला रात्री दहाचे फिरवणे आले आहे. आधी कुरकुर केली. आता कुत्री म्हातारी झाली आहे, हळू चालते, आणि खजराना बाजूने येणारा वारा लागला की मध्येच थांबते. तंबोरा जुळवायला बसलो की दाराशी येऊन उभी राहते. दहा वाजले आहेत, जायला हवे.