पाद्र्यांना कापसाच्या भावातलं काय कळतं?

'धर्मवाल्यांनी प्रार्थना करावी, शेतीमालाच्या भावात नाक खुपसू नये.' हे वाक्य मी ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये इतक्या वेळा ऐकलंय की शेवटी या वीकएंडला लिहायला बसलो. त्यात विषय चर्चचा असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं: 'अरे, त्यांना धर्मांतर करायचंय, बाकी काही नाही.'

मंडळी, मी मेहकरचा. पैनगंगेच्या काठचा, बुलडाणा जिल्ह्यातला. चर्चशी माझा काडीचाही संबंध नाही. पण आमच्या वावरात सोयाबीन, तूर आणि कापूस होतो, आणि त्याचा भाव कुठे ठरतो याचा शोध घेत गेलं की हे पाद्री वाटेत भेटतातच.

कापसापासून सुरुवात करू. २००१-०२ च्या हंगामात जगात रुईचा भाव पौंडाला ४० सेंटच्या आसपास कोसळला. त्याच हंगामात अमेरिकेने आपल्या सुमारे २५ हजार कापूस उत्पादकांना ३ अब्ज डॉलरच्या वर सबसिडी दिली. म्हणजे भाव पडला तरी तिकडचा शेतकरी पेरतच राहणार, माल बाजारात येतच राहणार आणि भाव आणखी दबणार. त्याचा फटका माली, बुर्किना फासोच्या शेतकऱ्याला बसला, तसा आमच्या कास्तकारालाही. पुढे विदर्भात काय झालं ते तुम्ही पेपरात वाचलंच आहे. जुलै २००६ मध्ये पंतप्रधानांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचा बुलडाणाही होता.

आता गंमत बघा. या सबसिडीविरुद्ध खुद्द अमेरिकेत कोण बोललं? तिथल्या कॅथलिक बिशपांनी नोव्हेंबर २००३ मध्ये शेती आणि अन्न या विषयावर एक सविस्तर निवेदन काढलं. शेती धोरण तपासायच्या त्यांच्या कसोट्या साध्या होत्या: भूक कमी होते का, शेतकरी आणि शेतमजूर माणसासारखे जगतात का, खेडी टिकतात का, जमीन-पाणी टिकतं का. आणि त्यात त्यांनी दुसऱ्या देशांतला गरीब शेतकरीही धरला. पुढे २००७ मध्ये नवीन शेती विधेयक आलं तेव्हा सबसिडीला मर्यादा घाला, ती लहान शेतकऱ्याकडे वळवा, म्हणून त्यांनी संसदेत पाठपुरावा केला.

जिंकले का? नाही. २००८ चा कायदा बड्या शेतकऱ्यांच्या लॉबीला हवा तसाच राहिला. अमेरिकेला थोडा तरी चाप लावला तो ब्राझीलने, जागतिक व्यापार संघटनेत केस लढवून. २०१४ मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन ती मिटवली. तरीही माझा प्रश्न राहतोच. ज्याचं तोंड कधी पाहिलं नाही अशा मेहकरच्या कास्तकाराला परवडेल असं धोरण मागणारा माणूस अमेरिकेत निघतो, मग पुण्यात का निघत नाही?

आणि हे काही २००३ चं नवं खूळ नाही. १९६१ मध्ये पोप तेविसावे जॉन यांनी जे परिपत्रक काढलं, त्यात शेती हा मागे पडलेला धंदा आहे असं स्पष्ट म्हटलंय आणि उपायही दिलेत: शेतकऱ्याला झेपेल असा कर, परवडणाऱ्या व्याजाने कर्ज, विमा, भावाला संरक्षण, सहकारी संस्था. हा पोप उत्तर इटलीतल्या वाटेकऱ्याच्या घरात जन्मलेला होता. म्हणजे त्याला कळत होतं!

आपल्याकडे बघायचं तर फार लांब जायला नको. फादर हर्मन बाखर हे स्विस जेझुइट नगर जिल्ह्यात पाणलोटाचं काम करत राहिले. चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान या अटी गावाने आधी पाळायच्या, मग पैसा. यातूनच नाबार्डबरोबरचा इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रम उभा राहिला. १९९९-२००० च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाबार्डकडे पाणलोट विकास निधी आला. गावातलं काम धोरणापर्यंत जातं ते असं.

दुसरे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. वसईची केळी, पानवेली, भाजीचे मळे बिल्डरांच्या घशात जाऊ नयेत म्हणून ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस त्यांनी हरित वसई संरक्षण समिती उभी केली, धमक्या सोसल्या. २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा 'पाद्री कशाला?' म्हणून ओरड झाली. ज्या जमिनीसाठी ते लढले, तिच्यावरचा शेतकरी हिंदू आहे की ख्रिस्ती हे समितीने विचारलं नव्हतं. ओरडणाऱ्यांनी मात्र आधी तेच विचारलं.

आता कोणी म्हणेल, भाव वाढला की गरिबाची थाळी महागते, त्याचं काय? मुद्दा रास्त आहे. पण थाळी स्वस्त ठेवायचं बिल नेहमी कास्तकाराच्याच नावाने का फाडायचं? डिसेंबर २०२३ मध्ये कांद्याची निर्यातबंदी झाली, ती मे २०२४ मध्ये उठली. मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं, ऐन सोयाबीनच्या पेरणीच्या तोंडावर. ऑगस्ट २०२५ मध्ये कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क माफ केलं आणि ती सवलत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. म्हणजे आमचा कापूस घरात येण्याच्या नेमक्या दिवसांत. कारण काय, तर अमेरिकेच्या टॅरिफने कापडवाले अडचणीत आले होते. अडचण खरीच होती हो. पण ती सोडवायला खिसा कोणाचा कापला?

हमीभाव आहे ना, असं तुम्ही म्हणाल. आहे. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारात ४,००० च्या आसपास विकलं जात होतं. सरकारी खरेदी होती, पण कधी ओलावा जास्त, कधी बारदाना नाही. दिवाळी तोंडावर आलेला माणूस किती दिवस थांबणार? तो व्यापाऱ्याला देऊन मोकळा होतो.

आपण इंजिनियर लोक. एकच बग दर रिलीजला परत आला तर आपण टेस्टरला शिव्या देत नाही, डिझाइन बघतो. इथे मात्र कर्जमाफीचा पॅच मारला की आपल्याला वाटतं झालं काम, आणि वर 'फुकटे' म्हणायला आपण मोकळे.

अन्नदान आपल्याकडे उदंड आहे, आणि ते चांगलंच आहे. पण पंगतीत वाढलेल्या डाळीला काय भाव मिळाला, हे विचारणारा मठ, देवस्थान किंवा ट्रस्ट मला दिसत नाही. दान देणाऱ्याला सगळे हात जोडतात. धोरणाचं विचारलं की सरकार, व्यापारी आणि आपणही नाराज होतो, म्हणून कोणी विचारत नाही. बिशपांनी ते विचारलं, हरले, तरी विचारलं. त्यांचा देव तुम्हाला मान्य नसेल, मलाही नाही. त्यांचा प्रश्न मात्र उसना घ्यायला काय हरकत आहे?

पुढच्या वेळी तुमच्याकडे मत मागायला कोणी आला, तर मेट्रो आणि खड्ड्यांबरोबर एवढंही विचारा: माल शेतकऱ्याच्या घरात येतो त्याच महिन्यात आयात शुल्क का उतरतं? उत्तर मिळालं तर मलाही कळवा. मेहकरला सांगायचंय.