नवख्या नेमबाजाला मुदत द्या

अमेरिकेच्या केंटकी राज्यात व्यावसायिक बास्केटबॉल, बेसबॉल वा अमेरिकन फुटबॉल यांच्या अव्वल साखळीतील एकही संघ नाही, आणि त्यामुळे पूर्वेकडील कोळशाच्या डोंगराळ मुलखापासून लेक्सिंग्टनभोवतीच्या घोड्यांच्या कुरणांपर्यंत पसरलेल्या त्या प्रांताचा बहुतांश क्रीडाभिमान केंटकी विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघापाशी येऊन एकवटला आहे. आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळविलेल्या या संघाचे सामने ज्या रप अरीनात होतात तेथे वीस हजारांहून अधिक माणसे बसतात. आणि दरवर्षी शरद ऋतूत, नव्या हंगामाचा आरंभ होण्यापूर्वी, त्या माणसांची दृष्टी प्रथम वर्षात दाखल झालेल्या मुलांकडे, आणि त्यांतही दुरून चेंडू टाकून तीन गुण मिळविण्याबद्दल ज्याचा लौकिक झालेला असतो अशा एखाद्या मुलाकडे लागलेली असते. हा मुलगा अठरा-एकोणीस वर्षांचा असतो, त्याने विद्यापीठाच्या गणवेशात अद्याप एकही सामना खेळलेला नसतो, आणि तरीही त्याच्या नावावर मार्चमधील राष्ट्रीय स्पर्धेचे हिशेब मांडून झालेले असतात.

२०२३ साली ही दृष्टी रीड शेपर्ड या मुलावर स्थिरावली. तो केंटकीतल्याच लंडन नावाच्या छोट्या शहरातला. त्याचे वडील जेफ शेपर्ड याच विद्यापीठाच्या १९९६ आणि १९९८ च्या विजेत्या संघांत खेळले होते, आणि १९९८ च्या अंतिम फेरीतील सर्वोत्कृष्ट खेळाडू म्हणून त्यांची निवड झाली होती. आईही याच विद्यापीठाच्या महिला संघाकडून खेळलेली. घरचाच मुलगा घरी आला, ही भावना स्वाभाविक होती, आणि त्या मुलाने ती सार्थही केली. त्या हंगामात तीन गुणांच्या १४४ फेकींपैकी ७५ त्याने साधल्या, म्हणजे शेकडा ५२. आणि हे सर्व, बहुतेक सामन्यांत राखीव बाकावरून उठून मैदानात उतरत असताना. एवढ्या फेकींनंतरही निम्म्याहून अधिक यश टिकविणारा खेळाडू कोणत्याही विद्यापीठात क्वचितच दिसतो.

पुढे २१ मार्च २०२४ रोजी पिट्सबर्ग येथे राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्याच फेरीत मिशिगन राज्यातल्या ओकलंड विद्यापीठाने, मानांकनात पुष्कळ खाली असूनही, केंटकीचा ८० विरुद्ध ७६ असा पराभव केला. शेपर्डला त्या दिवशी केवळ ३ गुण मिळाले. उलट ओकलंडच्या जॅक गोल्की याने तीन गुणांच्या दहा फेकी साधून ३२ गुण मिळविले. या दोघांमधील एक भेद मात्र त्या गदारोळात फारसा कोणी लक्षात घेतला नाही: गोल्की हा दुसऱ्या विभागातील हिल्सडेल कॉलेजात अनेक वर्षे खेळून, पदवी पदरात पाडून, मग ओकलंडला आलेला प्रौढ खेळाडू होता, आणि शेपर्ड प्रथम वर्षातला विद्यार्थी. पराभवानंतर काही आठवड्यांतच प्रशिक्षक जॉन कॅलिपारी केंटकी सोडून आर्कान्सॉ विद्यापीठाकडे गेले; जूनमध्ये ह्यूस्टन रॉकेट्सने व्यावसायिक निवडीत शेपर्डला तिसऱ्या क्रमांकावर घेतले; आणि केंटकीच्या लोकांचा आपल्या घरच्या मुलाशी आलेला मैदानावरचा संबंध अवघ्या ३३ सामन्यांत आटोपला.

त्याच्या वडिलांची हकीकत यापुढे ठेवून पाहावी. जेफ शेपर्ड १९९३ साली विद्यापीठात आले. १९९६ च्या विजेतेपदात त्यांचा वाटा होता, परंतु तो संघाच्या आधारस्तंभाचा नव्हे. त्यानंतरचा १९९६-९७ चा संपूर्ण हंगाम ते सामने न खेळता केवळ सराव करीत राहिले. आणि १९९८ च्या वसंतात, म्हणजे विद्यापीठातील पाचव्या वर्षी, उपांत्य सामन्यात स्टॅनफर्डविरुद्ध २७ गुण मिळवून त्यांनी ती कीर्ती संपादन केली जिचा वारसा पुढे मुलाच्या खांद्यावर आला. पित्याच्या पहिल्या वर्षावरून त्यांच्या कारकिर्दीचा निवाडा कोणी केला असता, तर केंटकीच्या इतिहासातील एक उज्ज्वल पान लिहिले जाण्यापूर्वीच मिटले गेले असते. एकाच घरात, एकाच विद्यापीठात, एकाच खेळात पित्याला पाच वर्षे मिळाली आणि पुत्राला पाच महिने. एवढा एक दाखला या विषयावरील पुष्कळ युक्तिवादांपेक्षा मला अधिक बोलका वाटतो.

दुरून नेम साधण्याच्या कलेचा स्वभावच असा आहे की तिच्याविषयी अल्पकाळात मत बनविणे अन्यायाचे ठरते. शेकडा चाळीस हे यश विद्यापीठीय खेळात उत्तम मानले जाते. म्हणजे उत्तम नेमबाजाच्याही दहा फेकींपैकी सहा वाया जातात. असा नेमबाज प्रत्येक सामन्यात पाच वेळा प्रयत्न करीत असेल, तर त्याच्या कौशल्यात तिळमात्र उणे न होता, केवळ संभाव्यतेच्या नियमाने, सुमारे तेरा सामन्यांतून एका सामन्यात त्याच्या पाचही फेकी चुकतील, आणि दर तीन सामन्यांतून एका सामन्यात त्याची फार तर एक फेक साधेल. तेहतीस सामन्यांच्या हंगामात असे अकरा दिवस यावयाचेच. ते कोणत्या तारखांना येतील हे ना प्रशिक्षकाला ठाऊक असते ना खेळाडूला. आणि त्यांपैकी एखादा जर मार्चच्या त्या स्पर्धेत आला, जिथे एक पराभव म्हणजे हंगामाची समाप्ती, तर प्रेक्षक त्याला दुर्बलतेचे, भित्रेपणाचे, मोठ्या प्रसंगी कच खाण्याचे नाव देतात. उंच खेळाडू टोपलीखाली धक्काबुक्कीत एखादा चेंडू गमावतो तेव्हा ते कोणाच्या ध्यानीही राहत नाही. नेमबाजाची चूक मात्र हवेत लांब कमान काढून सर्वांच्या देखत घडते. शिवाय शाळेच्या खेळात तीन गुणांची रेषा १९ फूट ९ इंचांवर असते, तर विद्यापीठात २०१९ पासून ती २२ फुटांपलीकडे सरकली आहे. दोन फुटांहून अधिक वाढलेले हे अंतर आणि आधीपेक्षा उंच व चपळ प्रतिस्पर्ध्यांचे हात, या दोहोंशी मनगटाची नवी ओळख व्हावयास काही काळ द्यावा लागतो.

हा काळ पूर्वी संस्थाच देत असे. युद्धकाळातील अपवाद सोडले तर १९७२ पर्यंत प्रथम वर्षाच्या मुलांना विद्यापीठाच्या मुख्य संघातून खेळण्याची मुभाच नव्हती. त्यांचा स्वतंत्र संघ असे. ल्यू अल्सिंडर, ज्यांना जगाने पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने ओळखले, त्यांनी १९६५ साली लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात आपल्या प्रथम वर्षाच्या संघासह त्याच विद्यापीठाच्या राष्ट्रविजेत्या मुख्य संघाला ७५ विरुद्ध ६० असे हरविले, तरी नियम तो नियम, आणि मुख्य संघात उतरावयास त्यांना पुढील हंगामाची वाट पाहावी लागली. तो निर्बंध परत यावा असे मी म्हणत नाही. अल्सिंडरसारख्याला वर्षभर बाजूला ठेवण्यात कोणाचे हित होते हे सांगता येणे कठीण आहे. परंतु त्या निर्बंधाच्या पोटात एक शहाणपण होते, आणि निर्बंध गेला तेव्हा ते शहाणपणही हातचे गेले. २००५ च्या करारनाम्याने व्यावसायिक साखळीने शाळा संपल्यानंतर एक वर्ष थांबण्याची अट घातली, आणि गुणवान मुले विद्यापीठात एका वर्षाचे पाहुणे म्हणून येऊ लागली. २०२१ पासून खेळाडूला, वर्षभर सक्तीने स्वस्थ न बसता, एक विद्यापीठ सोडून दुसऱ्यात जाता येऊ लागले. त्याच वर्षी आपल्या नावाचा आणि प्रतिमेचा मोबदला घेण्याची त्याला मोकळीक मिळाली. आणि जुलै २०२५ पासून तर विद्यापीठेच, पहिल्या वर्षी सुमारे २ कोटी ५ लाख डॉलरांच्या मर्यादेत, आपल्या खेळाडूंना थेट रक्कम देऊ लागली आहेत. चार वर्षांवर पसरलेली आशा अशा रीतीने एका वर्षात कोंबली गेली.

यावर असा आक्षेप घेतला जातो की मुलगा आता मोबदला घेतो, तेव्हा त्याच्याकडे हिशेब मागण्यात गैर ते काय? आक्षेप अगदीच पोकळ नाही. जो द्रव्य घेतो त्याने परिश्रम करावेत, सरावास वेळेवर यावे, संघाशी प्रामाणिक राहावे, ही अपेक्षा रास्त आहे. आणि त्याला हे द्रव्य मिळू लागले याचा मला आनंदच आहे, कारण त्याच्या श्रमांवर इतर सर्वांनी अनेक दशके धन मिळविले होते. परंतु द्रव्याने परिश्रम विकत घेता येतात, परिपक्वता नव्हे. आणि चेंडू टोपलीत पडेलच असा लेखी जामीन तर जगातल्या कोणत्याही नेमबाजाने कधी दिलेला नाही.

पुढे नामवंत नेमबाज ठरलेल्या स्टीफन करी यांचे विद्यापीठातील पहिले वर्ष येथे आठवते. ज्या व्हर्जिनिया टेकसाठी त्यांचे वडील खेळले होते त्या विद्यापीठानेही या किरकोळ अंगाच्या मुलाला शिष्यवृत्ती देऊ केली नाही. तेव्हा ते नॉर्थ कॅरोलायनातील डेव्हिडसन या दोन हजारही विद्यार्थी नसलेल्या कॉलेजात गेले. नोव्हेंबर २००६ मधील आपल्या पहिल्याच सामन्यात त्यांनी १५ गुण मिळविले खरे, पण १३ वेळा चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गमावला, आणि ही संख्या कोणत्याही खेळाडूला लाज आणणारी आहे. प्रशिक्षक बॉब मॅकिलप यांनी त्यांना खेळवीत ठेवले. दुसऱ्याच दिवशी मिशिगनविरुद्ध त्यांनी ३२ गुण केले. त्या हंगामात तीन गुणांच्या १२२ फेकी साधून प्रथम वर्षाच्या खेळाडूंचा राष्ट्रीय विक्रम केला. आणि पुढल्या वर्षी त्या चिमुकल्या कॉलेजला राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम आठांत नेले. अशी गोष्ट रप अरीनाच्या वीस हजार प्रेक्षकांपुढे, दूरचित्रवाणीच्या प्रकाशात घडती, तर दुसऱ्या दिवशीचा सामना त्या मुलाच्या वाट्याला आला असता का, हा प्रश्न मला खरोखर अस्वस्थ करतो.

अपेक्षेहून वेगळी आणि तिच्याहून घातक अशी एक गोष्ट अलीकडे या खेळात शिरली आहे. २०१८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने खेळांवरील पैजा कायदेशीर करण्याचा मार्ग राज्यांना मोकळा झाला, आणि आता संघाच्या जयापजयावरच नव्हे, तर अमुक विद्यार्थी किती गुण करील, किती चेंडू झेलील, यावरही पैसा लागतो. मार्च २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या आर्मांडो बेकॉट या पाच हंगामांच्या अनुभवी खेळाडूला शंभरहून अधिक शिवीगाळीचे संदेश आले, आणि तेही त्याचा संघ जिंकला असताना. कारण एवढेच की पैज लावणाऱ्यांना हवे होते तितके चेंडू त्याच्या हाती लागले नव्हते. पाच वर्षे मुरलेल्या माणसाची ही गत, तर नुकत्याच घराबाहेर पडलेल्या मुलाने हे कसे सोसावे? अमेरिकेच्या राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे अध्यक्ष चार्ली बेकर यांनी एकेका खेळाडूच्या कामगिरीवरील पैजा बंद कराव्यात अशी मागणी राज्यांकडे केली, आणि ओहायो, मेरीलँड, लुइझियाना या राज्यांनी ती मान्यही केली. उरलेल्या राज्यांनी विलंब लावण्याचे काहीही समर्थनीय कारण मला दिसत नाही.

प्रेक्षकाने आशाच धरू नये, असे मात्र मी कदापि म्हणणार नाही. आशेवाचून विद्यापीठीय खेळ ही कवायत होईल. रात्री दोन तासांची वाट तुडवून मुलाबाळांसह सामन्याला येणारा केंटकीचा शेतकरी त्या संघावर जे प्रेम करतो ते अमोल आहे. प्रशिक्षकाला जाब विचारण्याचा, डावपेचांवर टीका करण्याचा, विद्यापीठाच्या कारभाराबद्दल तक्रार करण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. ती पगारदार, पोक्त माणसे आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलाकडून मात्र त्याने एवढेच पाहावे की संधी दिसताच तो न कचरता चेंडू टाकतो की नाही, आणि चार फेकी चुकल्यावर पाचवी त्याच निर्धाराने टाकतो की नाही. नेमबाजाची खरी परीक्षा त्या पाचव्या फेकीत असते, आणि ती टाकण्याचे धैर्य त्याला कितपत उरते हे पुष्कळसे प्रेक्षागृहातून येणाऱ्या आवाजावर अवलंबून असते.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील अनेक मुले-मुली आज याच विद्यापीठांत शिकतात, हेच सामने पाहतात, आणि त्यांचे आईवडीलही या खेळात हळूहळू रस घेऊ लागले आहेत. त्यांना आणि येथे बसून हा खेळ पाहणाऱ्या सर्वांना माझी विनंती आहे: पुढच्या हंगामात एखाद्या नव्या नेमबाजाच्या पाच फेकी चुकल्या, तर त्याला उद्देशून एक ओळही लिहू नका, त्याच्या गुणांवर एक डॉलरही लावू नका, आणि तो सहावी फेक टाकावयास वळेल तेव्हा टाळ्या वाजवा.