बुटांवाचून अडलेली वाट

डोंगर चढायला काय लागते असे विचारले, तर आपण चटकन म्हणतो, हौस आणि दमसास. मी म्हणेन, पायात नीट बूट लागतात. विषय क्षुल्लक वाटेल. पण बुटांपायीच मी गेल्या वर्षीची कर्नाळ्याची सहल बुडवली. 'सर्वांनी बूट घालून यावे' अशी सूचना फळ्यावर लागली होती. माझ्याकडे होत्या रबरी चपला. पाय मुरगळल्याचे खोटे सांगून मी घरी बसलो.

पुढे चुलतभावाचे बूट घालून प्रबळगडाच्या वाटेला गेलो. बूट एक नंबर मोठे, तळ गुळगुळीत. चढताना भागले, उतरताना घसाऱ्यावर आपटलो आणि अंगठ्यांची नखे काळीनिळी झाली. माझी आई याच डोंगरांत करवंदे वेचत अनवाणी हिंडली. ती म्हणते, "आमचं तळवं हेच आमचं बूट." तिच्या बोलण्यात अभिमान असतो, पण तिच्या टाचांच्या भेगाही मी पाहिल्या आहेत. अनवाणी चालण्याचे कौतुक बूट घालणाऱ्यांनी करावे, हे मला पटत नाही.

मग महागडे, वजनदार बूटच हवेत का? मुळीच नाही. पायातले एक किलो पाठीवरच्या पाच किलोंएवढे भासते, असे गिर्यारोहक म्हणतात. एका दिवसाच्या भटकंतीला हलका बूट पुरतो. मात्र तो आपल्या डोंगराला साजेसा हवा. सह्याद्री हा काळ्या बेसॉल्टचा. कोरडा कातळ पाय धरतो, पण पावसाळ्यात त्यावर शेवाळ चढले की कलावंतिणीच्या कोरीव पायऱ्यांवर भलेभले बसून उतरतात. म्हणून तळ मऊ रबराचा आणि खोल खाचांचा असावा. कडक प्लॅस्टिकचा तळ ओल्या दगडावर घसरतो. बोटांपुढे जाड रबर असावे. आत शिरलेले पाणी लवकर निघून जावे. अॅक्शनचे साधे देशी ट्रेकिंग बूट सह्याद्रीत भटकणाऱ्यांनी वर्षानुवर्षे वापरले, ते याच पकडीसाठी.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पाय किंचित फुगतात. मोजे घालूनच बूट पाहावा. पुढे अंगठाभर जागा राहावी आणि टाच मात्र उचलली जाऊ नये. नवे बूट आधी चार दिवस रस्त्यावर वापरावेत.

हे सारे खरे. पण ज्याच्या घरी बुटांपेक्षा वह्यांचा खर्च आधी येतो, त्याने काय करावे? माझी सूचना साधी आहे. जिमखान्यात क्रिकेटचे पॅड असतात. ते सर्वांचे असतात आणि मागायला कोणी लाजत नाही. तसेच निरनिराळ्या नंबरांचे दहा-पंधरा जोड तिथे ठेवावेत. मोजे ज्याचे त्याने आणावेत. फळ्यावरच्या सूचनेखाली एवढीच ओळ वाढवावी : 'बूट नसल्यास जिमखान्यातून घ्यावेत.'

ती ओळ गेल्या वर्षी असती, तर मी खोटे बोललो नसतो आणि कर्नाळ्याचा सुळकाही जवळून पाहिला असता.